हे रडून सुजलेले डोळे नाहीत

माझ्या डोळ्यांखाली पिशव्या आहेत. चांगल्या भरलेल्या, दोन्ही बाजूंना सारख्या. आणि त्यांच्यात अश्रू नाहीत, चरबी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नवरा गेल्यापासून घरात येणारा प्रत्येक जण माझ्या तोंडाकडे बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, "किती रडलात हो! आता सावरा स्वतःला." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. पण मी काही बोलत नाही, चहा ठेवायला आत निघून जाते.

मी शरीररचनाशास्त्र शिकवायचे. मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये, टेबलावरच्या मृतदेहाभोवती पोरांना उभं करून, केस पांढरे होईपर्यंत तेच केलं. त्यामुळे डोळ्याखाली काय असतं ते मला कुणी सांगायला नको. वर कातडी, आख्ख्या अंगात इतकी पातळ कुठेच नाही. तिच्याखाली डोळा मिटणारा गोल स्नायू. त्याच्यामागे एक पडदा, आणि पडद्यामागे चरबीच्या तीन गाद्या, डोळा खोबणीत मऊ बसावा म्हणून. वय झालं की पडदा ढिला पडतो आणि गाद्या पुढे येतात. झाल्या पिशव्या. अश्रूंचं खातं निराळं. ती ग्रंथी वर, भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, आणि पाणी वाहून जायची नळी नाकाकडे. रडून सुजलेली पापणी दुसऱ्या दिवशी उतरते. माझ्या पिशव्या चाळिशीपासून आहेत, माझ्या बापाला होत्या, त्याच्या बहिणीला होत्या. पण हे ऐकून घ्यायला वेळ कुणाला आहे?

निदान वन्संना तरी नव्हता. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या तरी आवाज निवृत्त झालेला नाही. दोन गल्ल्या सोडून राहतात. भाऊ गेल्यापासून रोज दुपारी यायच्या, दारातल्या खुर्चीत बसायच्या, आणि भेटायला आलेल्यांना माझी ओळख करून दिल्यासारखं सांगायच्या, "वहिनीच्या डोळ्यांचं पाणी काही खळत नाही हो. बघा ना, कसे सुजलेत." की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. मला वाटायचं, आता तोंड उघडावं. पण त्या घरात तोंड मिटून ठेवायची सवय इतकी मुरलेली होती की शब्द ओठापर्यंत यायचे आणि तिथून परत जायचे.

नवरा वाईट होता का? लोकांना "मारायचा का" एवढंच विचारता येतं, आणि नाही म्हटलं की त्यांच्यापुरता विषय संपतो. नाही मारायचा. त्याला आवाज सहन व्हायचा नाही. म्हणजे माझा. पाहुण्यांत मी मोठ्याने हसले की तो ताट सरकवून उठायचा, आणि मग अबोला. आठवडा म्हणू नका, पंधरवडा म्हणू नका. एकदा मुलाच्या परीक्षेपासून जो गप्प झाला तो निकालाच्या दिवशी बोलला. हॉलमध्ये मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं गरजणारी मी, घराचं कुलूप उघडलं की आवाज खाली घ्यायचे. खिडक्या बंद, धूळ येते. रेडिओ बंद, डोकं दुखतं. तो गेला त्या सकाळी इस्पितळातून घरी आले, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि खुर्चीत बसले. इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की उठवेना. ते बरं वाटणं अजून ओसरलेलं नाही आणि मला त्याची लाजही वाटत नाही.

मग मी पोहायला शिकायला लागले. हो, या वयात. तलावाच्या उथळ बाजूला पाच-सहा वर्षांची पोरं आणि मी. पाण्याबाहेर आले, चष्मा काढला, दम लागलेला, अंगात नुसता आनंद, आणि शिकवणारी मुलगी जवळ येऊन हळूच विचारते, "आजी, रडताय का? कुणाची आठवण आली का?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उभ्या जन्मात इतकी खुश नव्हते, आणि माझं तोंड मात्र सगळ्या गावाला सांगत फिरतंय की ही बाई दुःखात बुडालीय. माझंच तोंड आणि माझ्याविरुद्ध साक्ष देतंय! त्याच दिवशी ठरवलं, या पिशव्या काढून टाकायच्या.

घरात जे व्हायचं ते झालं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, या वयात कशाला? लोक काय म्हणतील?" म्हटलं, "लोक आत्ता जे म्हणतात ना, तेच बंद करायचंय." सुनेने मागून "करू दे की त्यांना" म्हटलेलं ऐकू आलं, म्हणून त्या घरात एक तरी शहाणं माणूस आहे अशी खात्री पटली. वन्संनी मात्र तोंडावर हात ठेवला.

"भाऊ जाऊन वर्ष उलटलं नाही, आणि तू नटायला निघालीस?"

"नटायला नाही वन्सं. पिशव्या काढायला."

"अगं, ते त्याच्यासाठी रडलेले डोळे आहेत. ते कसले काढतेस?"

पुन्हा शब्द ओठापर्यंत आले. पुन्हा गिळले. म्हटलं, "मी जाणार आहे," आणि विषय मिटवला.

आता डॉक्टर कोण, तर माझाच विद्यार्थी. पापण्यांच्या ऑपरेशनसाठी नावाजलेला, शहरात तीन ठिकाणी पाट्या. कॉलेजात मी त्याचं नाव 'झटपट' ठेवलं होतं, कारण बाकीची पोरं कातडी सोलायला हात धुऊन येईपर्यंत याची शीर शोधून झालेली असायची. हात देखणा, यात वादच नाही. डोकंही बरं. पण घाई अशी की जणू मृतदेह उठून जाणार आहे. त्याच्या खोलीत गेले तसा तो खुर्चीवरून ताडकन उठला. "मॅडम! तुम्ही!" पन्नाशी ओलांडलेला माणूस, क्षणभर पुन्हा पोर झाला. मग फोटो काढले, समोरून, बाजूने. दोन बोटांनी गाल दाबला. "आरामात होईल मॅडम. पापणीच्या केसांखाली बारीक रेघ, चरबी काढायची, जास्तीची कातडी थोडी काढायची, संपलं. तासाभरात घरी." दारात पुढचा पेशंट उभा होता, आणि झटपटचं लक्ष अर्धं तिकडे. त्याने माझी खालची पापणी ओढून सोडून बघितली नाही. मी मनात म्हटलं, बघेल ऑपरेशनच्या दिवशी.

मधल्या एका दुपारी मी पलंगावर आडवी झाले होते. हातात छोटा आरसा, कारण आता या पिशव्यांचा निरोप घ्यायचा तर जरा नीट बघून घेऊ म्हटलं. आरसा तोंडासमोर धरला आणि बघते तर काय, पिशव्या गायब! सपाट. उठून बसले, आल्या परत. आडवी झाले, गेल्या. दोन-तीनदा हा खेळ केला आणि एकटीच मोठ्याने हसत सुटले. गाद्या मागे पडतात, दुसरं काय? माणूस आडवा झाला की चरबी खोबणीत परत जाते. आणि मी आयुष्यभर पापण्या पाहिल्या त्या आडव्या! हॉलमधला एकही माणूस कधी उठून बसला नाही. डोळ्याखालच्या पिशव्या मी शिकवल्या खऱ्या, पण आमच्या टेबलावर त्या मला कधी दिसल्याच नव्हत्या. आमच्या धंद्यातला माणूसच असला गोंधळ घालू शकतो. न्हाव्याला किंवा चांभाराला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की माणूस बसल्यावर कसा दिसतो.

हसता हसता मात्र एकदम थांबले. आरशात आणखी एक गोष्ट दिसत होती. चरबी मागे गेली की वरची कातडी रिकामी पडते, तिला चुण्या पडतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, अरे, केवढी जास्तीची कातडी! जो कुणी मला झोपवून खुणा करेल तो ही कातडी कापणार. आणि मी उभी राहिले, गाल खाली ओढला गेला, की पापणी गालाबरोबर खाली. बुबुळाखालचा पांढरा भाग उघडा पडणार, झोपेत डोळा मिटणार नाही, कोरडा पडणार, सलत राहणार, आणि मग खरंच चोवीस तास पाणी गळत बसेन. वन्संची तर चांदीच झाली असती.

मग मी तो राहिलेला प्रकार स्वतःच केला. खालची पापणी चिमटीत धरून ओढली आणि सोडली. तरुण माणसाची टपकन जागेवर बसते. माझी निघाली ती शाळेत निघालेल्या पोरासारखी, रेंगाळत. खालची पापणी म्हणजे दोन खुंट्यांना ताणून बांधलेली दोरी असते, एक खुंटी नाकाकडे, एक कानशिलाकडे. माझी कानशिलाकडची खुंटी ढिली झाली होती. अशा पापणीखालून चरबी काढायची, कातडी काढायची आणि खुंटी घट्ट करायची नाही, म्हणजे डोळ्याचं वाटोळं. झटपटला हे ठाऊक असणारच, असं मी स्वतःला बजावलं. घाईचा होता, पण गाढव नव्हता.

ऑपरेशनच्या दिवशी वन्सं बरोबर आल्या. मी नको म्हणत होते. "तुला एकटीला सोडू? लोक मला काय म्हणतील?" हातात पाण्याची बाटली, चेहरा असा की मला पोचवायलाच निघाल्यात. वेटिंगमध्ये नाकाला पट्टी बांधलेला एक गृहस्थ आणि फोनमध्ये डोकं घातलेली एक मुलगी होती. वन्संनी दोघांनाही सांगून टाकलं, "माझा भाऊ गेला हो. रडून रडून वहिनीच्या डोळ्यांचं हे असं झालं." गृहस्थ पट्टीआडून "अरेरे" म्हणाले.

आत सिस्टरनी गाऊन दिला, टोपी दिली, टेबलावर झोपवलं, डोळ्यांत थेंब घातले. शांत वाटायची गोळी मी घेतली नाही. मला शांत व्हायचं नव्हतं, मला सगळं बघायचं होतं. झटपट आला तो बोलतच आला. "कशा आहात मॅडम? छान, छान." हातात जांभळ्या शाईचा मार्कर. माझ्या डोक्यामागे उभा राहिला, वाकला, आणि डोळ्याखाली रेघ ओढायला लागला. मी झोपलेली. एक रेघ पापणीच्या केसांजवळ, दुसरी तिच्या बरीच खाली. दोन रेघांमधली कातडी जाणार, हे कळायला मला आरसा लागला नाही.

"ही खालची रेघ कसली रे?"

"जास्तीची कातडी मॅडम. बरीच आहे तुमची."

"बसवून बघितलीस?"

"फोटो आहेत ना."

"फोटोवरून कापतोस की माझ्यावरून?"

तो हसला. लाडक्या म्हातारीला हसतात तसं. "मॅडम, झोपून राहा. हलू नका, रेघ वाकडी होईल."

मी उठून बसले. टोपी, गाऊन, डोळ्याखाली जांभळ्या रेघा, पाय टेबलावरून खाली लोंबकळतायत. सिस्टरच्या हातात सुया होत्या, त्या जागीच थबकल्या.

"आता काढ खुणा," मी म्हटलं. "बसलेली असताना. आणि आधी पापणी ओढून सोडून बघ. तू अजून ती बघितलेली नाहीस."

झटपटचे कान लाल झाले. सिस्टर होत्या, आणखी एक मदतनीस होता, त्यांच्यासमोर मी त्याची तोंडी परीक्षा घेत होते. मला कळत होतं ते. पण डोळा माझा होता, त्याची इभ्रत सांभाळायला मी तो देणार नव्हते.

"मॅडम, मी हे रोज करतो. हा तुमचा हॉल नाही. इथली माणसं जिवंत असतात."

"म्हणून तर सांगते! जिवंत माणूस उठून बसतो, चालतो, पोहतो. माझ्या हॉलमध्ये झोपून चालायचं, तिथे कुणाला घरी जायचं नव्हतं."

मदतनीस हसला आणि लगेच खोकला. त्यानेच घात केला. झटपटने मार्करचं टोपण लावलं आणि आवाज कडक केला. "आज तुम्ही पेशंट आहात. करायचं असेल तर झोपा. मला शिकवू नका."

मला शिकवू नका! मी टेबलावरून उतरले. चपला शोधल्या, सापडल्या नाहीत, अनवाणी निघाले. "कातडी तुझ्याकडे देणार होते, डोळे नाही," एवढं बोलले आणि दार ढकललं. इतके दिवस मनात धरलेली एक गोष्ट, तीही हातची गेली होती. आता दुसरा कुणी शोधायचा, पुन्हा मुलाचा फोन, पुन्हा वन्संचं तोंडावर हात ठेवणं. तलावातली ती मुलगी पुन्हा विचारणार, आजी, रडताय का?

वेटिंगमध्ये वन्सं उभ्याच राहिल्या. माझ्या रेघा बघितल्या, अनवाणी पाय बघितले, आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला.

"नाही केलंस ना? देवानेच बुद्धी दिली गं बाई. चल घरी." माझा हात धरला आणि त्या गृहस्थांकडे वळल्या. "बघा, शेवटी काळीज तयार झालं नाही तिचं. नवऱ्यासाठी गाळलेल्या आसवांची खूण आहे ती, कशी पुसून टाकेल?"

या वेळी शब्द ओठापर्यंत येऊन थांबले नाहीत. हॉलमधला आवाज लागला.

"वन्सं, मी तुमच्या भावासाठी रडले नाही. एकदाही नाही."

फोनमधली मुलगी मान वर करून बघायला लागली.

"असं बोलू नये," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. "धक्का बसला की होतं असं. शुद्ध राहत नाही."

"धक्काबिक्का काही नाही. पक्की शुद्धीवर आहे मी. तो गेला त्या दिवशी मला मोकळं वाटलं. आजही वाटतं. सकाळी उठते आणि पहिली गोष्ट आठवते की आज घरात कुणी गप्प बसलेलं नाही. या पिशव्यांत चरबी आहे, चरबी! बापाकडून आलेली. तुमच्या भावाचा तिच्यात थेंबसुद्धा नाही."

वन्संनी माझा हात सोडला. मला वाटलं, आता ओरडतील. आख्खी शाळा त्या आवाजाला चळाचळा कापायची. पण त्या खुर्चीत बसल्या, बाटली मांडीवर घेतली.

"मग त्याच्यासाठी रडलं कोण?" त्यांनी विचारलं.

"मुलगा नाही रडला. तो फोन करत होता, गाड्यांची व्यवस्था बघत होता. मी नाही रडले. मी तुझ्याकडे बघितलं, म्हटलं, हिचे डोळे बघ, ही कोसळलीय. घरात एकीने तरी उभं राहायला हवं. म्हणून मी आवरलं. रोज यायचे ती तेवढ्यासाठी. तुझे डोळे बघितले की वाटायचं, चला, कुणाला तरी तो हवा होता." त्यांनी वर बघितलं. "लहानपणी असा नव्हता गं तो. फार बडबड्या होता."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. समोर बसलेली बाई एका चुकीच्या खुणेवर इतके महिने टेकून उभी होती, आणि ती खूण मीच पुसली होती. त्या क्षणी "अहो, तसं नाही वन्सं" म्हणणं किती सोपं होतं! पण मी ते म्हटलं नाही. त्या घरात मी तेवढं एकच वाक्य बोलत आले होते.

शेजारच्या खुर्चीत बसले. "तुम्हाला तो हवा होता ना? मग तुम्ही रडा. तुमचा भाऊ होता. ते काम माझ्या पापण्यांवर ढकलू नका. त्या दुसऱ्याच कामासाठी केलेल्या असतात."

तेवढ्यात आतलं दार उघडलं. झटपट. एका हातात माझ्या चपला, दुसऱ्या हातात मार्कर आणि स्पिरिटचा बोळा. त्याने किती ऐकलं होतं कोण जाणे. कान अजून लालच होते. चपला माझ्या पायाशी ठेवल्या आणि उभाच राहिला.

"मॅडम, मला माहीत होतं. मी आधी सगळ्यांना बसवूनच खुणा करायचो. मग गर्दी वाढली, सिस्टर पेशंटला आधीच झोपवून ठेवायला लागल्या, आणि..."

"सिस्टरवर ढकलू नकोस."

"नाही ढकलत. मी बसवायचं सोडलं." त्याने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसला. इतक्या वर्षांत या मुलाला मी कधी असा निवांत बसलेला बघितला नव्हता. "बघू?"

वेटिंगमध्ये, सगळ्यांच्या देखत, त्याने माझ्या डोळ्यांखालच्या रेघा पुसल्या. "वर बघा. आणखी वर. आता तोंड उघडा." मी आ केला. गाल खाली ताणला आणि ती जास्तीची कातडी कुठच्या कुठे गेली, हे मला आतून जाणवलं. मग त्याने पापणी चिमटीत धरली, ओढली, सोडली. आणि वाट बघत राहिला. झटपट चक्क वाट बघत राहिला.

"सैल आहे," तो म्हणाला.

"मला काय सांगतोस? कातडी काढली असतीस तर?"

"खाली आली असती पापणी." तो म्हणाला. "वाईट आली असती."

"मग काय करशील?"

"कातडीला हात लावत नाही. पापणीच्या आतल्या बाजूने जातो. गाद्या फार काढत नाही, डोळा खोल दिसेल. खाली हाडाच्या कडेवर पसरवतो. आणि बाहेरचा कोपरा हाडाला बांधून घेतो. वेळ लागेल मॅडम. तासाभरात घरी नाही जाता येणार."

"मला कुठे घाई आहे? घाई तुला असते." तो ओशाळून हसला. मी म्हटलं, "कर खुणा."

त्याने खुणा केल्या, मी बसलेली असताना, दोनदा मागे सरकून बघत. संमतीचा कागद नव्याने लिहून आणला, तोही मी वाचून घेतला. मग मी चपला घातल्या आणि उठले. वन्संनी माझा गाऊन धरला.

"आता बोलून झालं ना सगळ्यांसमोर? सगळ्यांना कळलं. मग आता कशाला कापून घेतेस?"

प्रश्न बरोबर होता, हेडबाईंचा होता. खरंच, जे पापण्यांनी बोलावं म्हणून आले होते ते तोंडाने बोलून झालं होतं. आता घरी गेले असते तरी चाललं असतं. मी स्वतःला नीट विचारून बघितलं, करायचंय का? उत्तर आलं, आतून, ठणठणीत.

"आता तर करायचंच, वन्सं. आजवर लोकांसाठी करणार होते. आता मला हवंय म्हणून."

त्यांनी गाऊन सोडला. मी आत गेले, स्वतःहून टेबलावर झोपले. सुई टोचली, डोळ्याखालचा भाग जड झाला, झटपटने पापणी अलगद उलटी केली आणि काम सुरू केलं. सावकाश. बराच वेळ फक्त उपकरणांचा बारीक आवाज होता. मग बंद दारापलीकडून दुसरा आवाज यायला लागला. आधी हुंदका दाबल्यासारखा, मग दाबणं सोडून दिल्यासारखा, मोठा, उघडा, लहान मुलाचा असतो तसा. सगळ्या दवाखान्यात ऐकू जात असणार.

सिस्टर घाबरल्या. "तुमच्या बरोबरच्या बाई रडतायत. कुणाला पाठवू का त्यांच्याकडे?"

"तुमच्या काळजीने असेल, मॅडम," झटपट हात थांबवून म्हणाला. "त्यांना सांगून येऊ का, सगळं ठीक आहे म्हणून?"

"माझ्यासाठी नाही रडत त्या," मी म्हटलं. "त्यांचा भाऊ वारलाय. रडू दे त्यांना. तू कोपरा नीट बांध."